काचेवर आपटलेलं पाखरू

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



आजच्या दिवशी विहाराच्या इतिहासावर बोलावे अशी आपल्याकडे पद्धत आहे. तो इतिहास आमच्या आधीच्या वक्त्यांनी सांगितला आणि चांगला सांगितला. आम्हाला समितीने वीस मिनिटे दिली आणि विषय तुमचा तुम्ही घ्या म्हणाले. आम्ही विषय दिला तेव्हा काही मंडळी गालातल्या गालात हसली, ते आम्ही पाहिलं. हसू द्या. विषय पक्ष्यांचा आहे. आपल्या विहाराच्या दर्शनी काचेवर येऊन आपटणाऱ्या पक्ष्यांचा. त्यांना उचलायचं कसं, वाचवायचं कसं, आणि मुळात ते आपटूच नयेत म्हणून काय करायचं, एवढंच बोलायचं आहे.

आम्ही कोणी पक्षीतज्ज्ञ नव्हे. आठवीत शाळा सुटली, पुढची दोन वर्षे रात्रशाळेत काढली, आणि १९८८ साली बदली कामगार म्हणून गिरणीत लागलो. साचेखात्यात उभ्याने आयुष्य गेलं. २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला, गिरणी थांबली, ती पुन्हा सुरू झालीच नाही. जे काही वाचलं ते पाळी सुटल्यावर वाचनालयात. पाखरांचा नाद तिथलाच. गिरणीच्या पत्र्याखाली गव्हाणी घुबडांची एक जोडी राहायची. पांढऱ्या तोंडाची, पानाच्या आकाराचा चेहरा. काही लोक त्यांना बघून थुंकायचे, अशुभ म्हणायचे. आणि गोदामातले उंदीर कोण खायचं? तीच घुबडं. रात्रपाळीला आम्ही त्यांच्याकडे बघत बसायचो. तर असं आमचं शिक्षण. चूकभूल असेल तर जाणत्यांनी दुरुस्त करावी.

आता पहिला प्रश्न. पाखराला डोळे असतात, आपल्यापेक्षा तीक्ष्ण असतात, मग ते काचेवर आपटतंच कसं? याचं उत्तर सोपं आहे. काच ही वस्तू आहे हे त्याला कळत नाही. आपल्यालाही काच दिसते कुठे? आपण चौकट बघतो, मूठ बघतो, आणि इथे दार आहे असं ठरवतो. लहान पोरं पहिल्यांदा काचेच्या दारावर डोकं आपटतातच. पाखराला चौकट म्हणजे काय हे कोण शिकवणार?

दिवसा बाहेर लख्ख उजेड असतो आणि आत त्या मानाने अंधार. अशा वेळी काचेचा आरसा होतो. आपल्या विहाराच्या काचेवर तर ऊन अडवणारी चकचकीत फिल्म आहे. सभा संपल्यावर बाहेर पिंपळापाशी उभे राहा आणि विहाराकडे बघा. तुम्हाला एक पिंपळ मागे दिसेल आणि एक समोर. पानन् पान दिसेल, मधून आभाळ दिसेल. पाखराच्या हिशोबी ते दोन पिंपळ आहेत, आणि या पिंपळावरून त्या पिंपळावर जायला ते सरळ उडी घेतं. तेही जोरात, कारण रस्ता मोकळा आहे अशी त्याची खात्री असते. दुसरा प्रकार, दोन खिडक्या समोरासमोर असल्या की आरपार पलीकडचं आभाळ दिसतं, तेव्हाही हेच होतं.

तिसरा एक प्रकार लोक यातच मोजतात, पण तो वेगळा आहे. दयाळ पक्ष्याचा नर खिडकीवर किंवा स्कूटरच्या आरशावर तासन् तास चोच मारत बसतो. तो आपटत नसतो. आरशातल्या स्वतःला तो दुसरा नर समजून भांडत असतो. त्याला फार इजा होत नाही. आरशावर कपडा टाका, भांडण मिटतं. माणसांचीही काही भांडणं अशीच मिटली असती, पण तो आजचा विषय नाही.

आमच्या लहानपणी चाळीत हे का नव्हतं? कारण चाळीच्या खिडकीला लाकडी झडपा आणि लोखंडी गज. काच असली तर वीतभर, तीही धुळीने आंधळी. आता गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिले, ते पायथ्यापासून माथ्यापर्यंत काचेचे. आपल्यातलीही पुष्कळ मंडळी पुनर्विकासाच्या इमारतीत गेली, तिथे सरकत्या काचा आल्या. चांगलं झालं, उजेड आला, पाणी गळायचं थांबलं. पण काच आली की हा प्रश्नही तिच्याबरोबर आला, तो कुणी करारात लिहून दिला नव्हता.

हा नुसता आपल्या गल्लीतला प्रश्न नाही. अमेरिकेत डॅनियल क्लेम नावाचे एक प्राध्यापक १९७० च्या दशकापासून याच एका गोष्टीचा अभ्यास करत आले. तिथल्या शास्त्रज्ञांनी २०१४ साली हिशोब मांडला, की त्या एका देशात इमारतींवर आपटून वर्षाला साडेछत्तीस कोटी ते जवळजवळ शंभर कोटी पक्षी मरतात. शिकागो शहरात तळ्याच्या काठी एक मोठं काचेचं सभागृह आहे. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये एका रात्रीत तिथे हजाराच्या आसपास पक्षी मरून पडले. स्थलांतराचा हंगाम, आत दिवे चालू, बाहेर काच. दुसऱ्या दिवशी वेचायला माणसं कमी पडली म्हणतात. या सभागृहाबद्दल पुढे परत बोलू, कारण गोष्ट तिथे थांबली नाही.

आता आपल्या दारातली हकीकत. २०२४ च्या जूनचा पहिला रविवार. सकाळी मुलांचा वर्ग चालू होता, पाऊस अजून यायचा होता, हवा कोंदलेली. एकदम ‘थप्’ असा आवाज झाला. कुणी चेंडू मारला असं वाटलं. सातवीतली एक मुलगी बाहेर धावली आणि ओढणीत काहीतरी घेऊन आत आली. मैनेएवढा पक्षी. पाठ हिरवी, पोट पिवळट, शेपटीखाली लालभडक, डोळ्यावरून काळा पट्टा, पंखावर निळा चकाकता डाग, आणि शेपूट जवळजवळ नाहीच. मुलं थक्क. मुंबईत असला पक्षी असतो? असतो. याला नवरंग म्हणतात. हिवाळ्यात हा दक्षिणेत आणि श्रीलंकेत असतो, आणि पावसाच्या तोंडावर घरटं करायला उत्तरेकडे निघतो. आपल्या बोरिवलीच्या जंगलात, कर्नाळ्याला तो याच दिवसांत बोलायला लागतो. हा प्रवास तो रात्री करतो. रात्रभर उडून दमलेला जीव पहाटे शहराच्या दिव्यांत आणि काचांत सापडतो. म्हणून मे-जूनमध्ये मुंबईत नवरंग जिन्यात, बाल्कनीत, फुटपाथवर सापडल्याच्या गोष्टी दरवर्षी ऐकू येतात. कोकणात पहिल्या पावसाला तिबोटी खंड्या असाच भिंती-काचांवर आपटतो. तमिळ लोक नवरंगाला सहा वाजताचा पक्षी म्हणतात, कारण तो सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी शीळ घालतो. म्हणजे गिरणीच्या भोंग्यासारखा, पाळीचा पक्का.

तर तो पक्षी ओढणीत निपचित पडलेला, चोच किंचित उघडी, डोळे अर्धे मिटलेले. आणि आपल्या लोकांचं प्रेम उतू आलं! एक आजी म्हणाल्या, ‘‘पाणी पाज गं त्याला, घसा सुकलाय लेकराचा.’’ एक काका म्हणाले, कांदा हुंगवा. आणखी एकाने हळद आणायला पोराला पिटाळलं. एकाने हात लावून सांगितलं, अंग तापलंय, तापाच्या गोळीचा तुकडा द्या. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. माणूस पडला की आपण हेच करतो. पण पाखराच्या बाबतीत यातली प्रत्येक गोष्ट घातक आहे, म्हणून एकेक सांगतो. पुढच्या वेळी आम्ही हजर असू-नसू.

पाण्याचं आधी. पाखराच्या जिभेच्या मुळाशीच श्वासनळीचं तोंड असतं. बेशुद्ध किंवा अर्धवट शुद्धीतल्या पाखराच्या चोचीत पाणी ओतलं की ते पोटात न जाता सरळ श्वासनळीत जाण्याची भीती. जे पाखरू धक्क्यातून वाचलं असतं ते आपल्या पाण्याने बुडून मरतं. म्हणून चोचीत पाणी नाही, दूध नाही, ग्लुकोज नाही, भाताचं शीत नाही. तास-दोन तास उपाशी राहून ते मरत नाही. आजींना आम्ही हे सांगितलं तेव्हा त्या रुसल्या होत्या. आज पुढेच बसल्या आहेत आणि हसतायत, म्हणजे राग गेला.

ताप म्हणाल तर पाखराचं अंगच चाळीस-बेचाळीस डिग्री सेल्सिअसचं. आपल्या हाताला ते नेहमीच तापल्यासारखं लागणार. तो ताप नव्हे, ती त्याची रोजची तब्येत. गोळी-बिळी काही नाही. हळद आणि तेल पिसांना चिकटतं, पिसं एकमेकांत अडकतात, मग पाऊसही अडत नाही आणि उडताही येत नाही. कांद्याविषयी बोलण्यासारखं काही नाही. तो भजीत घालावा.

मग करायचं काय? पाखरू उघड्यावर पडलं असेल तर पहिल्यांदा कावळा आणि मांजर यांना हाकला. मुंबईत काचेने मारलं नाही तर कावळा मारतो, पाच मिनिटं लावत नाही. मग एक मऊ सुती कापड, पंचा, ओढणी काहीही, त्याच्या अंगावर अलगद टाका आणि दोन्ही पंख अंगाशी मिटलेले राहतील असं ओंजळीत उचला. आवळायचं नाही. हे नीट ऐका. आपल्या छातीखाली श्वास ओढणारा पडदा असतो, तसा पाखराला नसतो. त्याचं छातीचं हाड खाली-वर होतं तेव्हा त्याचा श्वास चालतो. पडू नये म्हणून तुम्ही मुठीत घट्ट धरलंत, तर तुमच्या मुठीत ते गुदमरतं आणि तुम्हाला वाटतं शांत झालं.

घार, घुबड असलं तर जाड कापड घ्या आणि पाय आधी धरा, त्यांचं हत्यार पंजात आहे. बगळा किंवा वंचक असला तर तोंड लांब ठेवा, तो सरळ डोळ्यावर चोच मारतो. ही जोखीम मुलांनी घ्यायची नाही, मोठ्यांना हाक मारायची. आणि पाखरू कुठलंही असो, नंतर साबणाने हात धुवायचे.

उचललं की खोक्यात ठेवायचं. पुठ्ठ्याचं खोकं, चपलांचं चालेल, मोठ्या पक्ष्याला किराणा सामानाचं. तळाला मऊ कापड किंवा कागद, पाय घसरू नयेत म्हणून. ठेवण्याआधीच बाजूने पेन्सिलीने भोकं पाडून घ्या. पाखरू आत असताना भोकं पाडत बसू नका. झाकण लावा. पिंजरा नको. पिंजऱ्यात त्याला सगळे दिसतात, ते घाबरतं, तारांवर धडपडतं आणि पिसं मोडून घेतं. अंधार हेच इथे औषध आहे. अंधारात ते शांत बसतं, धडपड थांबते, डोक्याच्या माराला विसावा मिळतो. खोकं उन्हात नको, पंख्याखाली नको, एसीसमोर नको, टीव्हीजवळ नको. घरातली निवांत, सावलीची जागा. आणि दर दोन मिनिटांनी झाकण उचलून ‘‘जिवंत हाय का रे?’’ करायचं नाही. हे सगळ्यांत अवघड आहे. त्या दिवशी चाळीस मुलं होती आणि प्रत्येकाला एकदाच बघायचं होतं! शेवटी त्या मुलीने खोकं मांडीवर घेतलं आणि त्यावर दोन्ही हात ठेवून बसली. एकालाही बघू दिलं नाही, स्वतःही बघितलं नाही.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. जखमी पाखरू आपल्या हातावर गप्प बसलं की लोक म्हणतात, बघा कसं माणसाळलं, विश्वास टाकला. तसं काही नसतं. ते भीतीने गारठलेलं असतं. आपण त्याच्या लेखी एक अजस्र मांजर. त्याच्याशी बोलू नका, गोंजारू नका, मोबाईल काढून फोटो घेऊ नका.

अर्ध्या तासाने खोकं बाहेर न्यायचं. घरातच उघडलं तर ते पुन्हा खिडकीवर जाईल किंवा फॅनमध्ये. झाडाजवळ, काचेपासून लांब जागा बघा, कावळे नाहीत याची खात्री करा, झाकण उघडा आणि चार पावलं मागे व्हा. बरं असेल तर क्षणात जाईल, तुम्हाला नमस्कार करायला थांबणार नाही. हवेत उडवायचं नाही. चित्रपटात दाखवतात तसं दोन्ही हातांनी वर फेकलं आणि त्याला उडता येत नसलं, तर दगडासारखं खाली येतं. गेलं नाही तर झाकण लावा, पुन्हा अर्धा तास. संध्याकाळ झाली असेल तर रात्रभर खोक्यातच ठेवून उजाडल्यावर उघडा. घुबडाचं उलट, त्याला तिन्हीसांजेला सोडा.

पण तोंडातून, नाकातून रक्त येत असेल, एक पंख खाली लोंबत असेल, मान वाकडी राहत असेल, दोन डोळ्यांतल्या बाहुल्या लहान-मोठ्या दिसत असतील, पायावर उभं राहता येत नसेल, किंवा तास-दोन तासांनीही सुधारणा नसेल, तर घरचे उपाय संपले असं समजायचं. काड्या बांधून पंख सरळ करायचा प्रयत्न करू नका. खांद्याजवळचं हाड मोडलेलं बाहेरून दिसतसुद्धा नाही, ते डॉक्टरलाच कळतं. वनखात्याचा ‘हॅलो फॉरेस्ट’ म्हणून १९२६ हा नंबर आहे, तो तोंडपाठ करा. आणि परळचं बैलघोड्याचं इस्पितळ आपल्या लोकांना सांगायला नको, एकोणिसाव्या शतकापासून तिथे उभं आहे. नावात बैल आणि घोडा असला तरी पाखरूही घेतात.

आमच्या नवरंगाला अर्ध्या तासाने पिंपळामागे उघडला. बसून राहिला. दहा वाजता पाहिलं तर मान एका बाजूला झुकलेली, एक डोळा मिटलेला. मग ती मुलगी, तिची आई आणि आम्ही असे टॅक्सीने परळला गेलो. डोक्याला मार आहे म्हणाले, ठेवून घेतला. चौथ्या दिवशी पुन्हा गेलो तेव्हा तरतरीत होता, टुणटुण उड्या मारत होता. त्याला जंगलात सोडायची व्यवस्था झाली. मुलगी परतताना रडली. खोकं आपल्या हाताने उघडायचं तिच्या मनात होतं. आम्ही समजूत घातली नाही, रडू दिलं.

त्याच दिवशी वर्गातल्या एका मुलाने प्रश्न विचारला होता. मुलगा हुशार आहे. म्हणाला, ‘‘बाबा, गोष्टीत हंस कुणाचा? मारणाऱ्याचा नाही, वाचवणाऱ्याचा. मग नवरंग आपण वाचवला तर आपला. पिंजरा आणू.’’ देवदत्ताचा बाण आणि सिद्धार्थाने उचललेला हंस ही गोष्ट आपल्या घरातलं प्रत्येक मूल बोलायला लागतं तेव्हापासून ऐकतं, त्यामुळे वकिली मुद्दा बिनतोड होता. आम्ही त्याला उलट विचारलं, हंस बरा झाल्यावर सिद्धार्थाने काय केलं? तो म्हणाला, सोडून दिला. मग झालं तर. शिवाय कायदाही आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आपल्या देशातले रानातले पक्षी घरात पाळू देत नाही. नवरंग सोडाच, पिंजऱ्यातला आपला साधा पोपटसुद्धा गुन्हा आहे. हे ऐकून मागच्या रांगेत दोन-तीन माणसं अस्वस्थ झालेली दिसतात. आम्ही नावं घेणार नाही.

आता कडू भाग. सगळ्याच पाखरांचं नवरंगासारखं होत नाही. पुढे पिंपळ फळांनी लगडला तेव्हा तांबट आले. भांड्यावर ठोके दिल्यासारखा टुक-टुक करणारा, कपाळ लाल असलेला तो चिमुकला पक्षी. एक काचेवर आला. मुलीने सगळं बरोबर केलं, कापड, खोकं, अंधार, सावली. वीस मिनिटांत खोक्यातच मेला. तिला वाटलं आपलं काही चुकलं. चुकलं नव्हतं. जोराने आपटल्यावर बाहेर थेंबभर रक्त नसलं तरी आत मेंदूत रक्तस्राव झालेला असतो. लोक म्हणतात मान मोडली, पण बहुतेक वेळा मान शाबूत असते. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या काही पक्षी-उपचार केंद्रांच्या तीन हजारांवर नोंदी तपासून बघितल्या, तर इमारतीवर आपटून तिथे आणलेल्या दहा पक्ष्यांपैकी सहा दगावले होते. तिथे डॉक्टर होते, औषधं होती, तरी. उडून गेलेलं पाखरूही वाचलंच असं म्हणता येत नाही. पुष्कळदा पुढच्या झाडाआड जाऊन मरतं आणि आपण समाधानाने घरी जातो. म्हणून खोकं ही नंतरची गोष्ट झाली. काचेचं काय करायचं ते आधी.

मंडळी, आता आपल्या काचेवर येतो, आणि इथे थोडं जपून बोलावं लागेल. ही काच आपल्यातल्या एका कुटुंबाने वडिलांच्या स्मरणार्थ दिली. ते कुटुंब इथे बसलेलं आहे. वडील आम्हाला वडिलांसारखेच होते. आमच्या खात्यातलेच, आमच्याआधी लागलेले. विहारात उजेड यावा, पावसाचा झोत येऊ नये, म्हणून काच दिली, आणि ती गरज खरी होती. काच काढा असं आमचं म्हणणं नाही. बैठकीत ते तसं ऐकलं गेलं आणि आवाज चढले. म्हणून आज सर्वांसमोर सांगतो. काच राहू द्या. फक्त ती पाखराला दिसली पाहिजे.

कुणी सुचवलं, घारीचं एक काळं चित्र चिकटवा, पाखरं घाबरतील. घाबरत नाहीत. चित्र हलत नाही हे त्यांना कळतं. ती चित्राला वळसा घालून शेजारच्या मोकळ्या काचेवर आपटतात. पाखराला एवढंच कळलं पाहिजे की इथून आपलं अंग जाणार नाही. त्यासाठी खुणा दाट हव्यात आणि काचेच्या बाहेरच्या बाजूला हव्यात, आतून लावल्या तर चकाकीत झाकल्या जातात. ठिपके असतील तर दोन-दोन इंचांवर. त्या शिकागोच्या सभागृहाने २०२४ साली तेच केलं. सगळ्या काचांना बारीक ठिपक्यांची फिल्म लावली आणि पुढच्या हंगामात मरणाऱ्या पक्ष्यांचं प्रमाण नव्वद टक्क्यांहून जास्त खाली आलं. न्यूयॉर्क शहराने तर २०२० साली कायदाच केला, की नव्या इमारतीला पाखरांना दिसेल अशीच काच लावायची. त्यांच्याकडे पैसा आहे, ते फिल्म लावतील. आपल्याकडे सूत आहे.

हसू नका, खरंच सांगतो. काचेबाहेर वरच्या कडेला एक दांडी बसवायची आणि तिला उभे दोर सोडायचे, चार-चार इंचांवर एक. दोन दोरांमधून जागा नाही हे पाखराला उडतानाच कळतं आणि ते वळतं. ही पद्धत परदेशात वापरून सिद्ध झालेली आहे, आमच्या डोक्यातली नाही. पण जन्मभर साच्यावर ताणा बघितलेल्या माणसाला ती वाचताक्षणी पटली. बाणा नसलेला ताणाच की तो! आतून बघाल तर आठ दिवसांत नजरेला दोर दिसेनासे होतात, जसे चाळीतले गज दिसत नव्हते.

हिशोब मांडला आहे. दर्शनी काच बारा फूट रुंद, म्हणजे एकशे चव्वेचाळीस इंच. चार इंचांवर एक धरला तर छत्तीस गाळे, सदतीस दोर. उंची नऊ फूट, म्हणजे तीनशे तेहतीस फूट दोर. बाजूच्या दोन खिडक्या चार बाय चारच्या, प्रत्येकी तेरा दोर, दोन्ही मिळून एकशे चार फूट. गाठींसकट पावणेपाचशे फूट धरा. तीन-चार मिलिमीटर जाडीचा पांढरा नायलॉनचा दोर लागेल, सुताचा पावसात कुजेल. बाजारात भाव काढला, दोराचे पैसे हजाराच्या आत बसतात. दांडी पडद्याची चालेल. खालची टोकं दुसऱ्या दांडीला बांधून घ्यायची, नाहीतर पावसाळी वाऱ्यात गुंता होईल. सणासुदीला काच धुवायची असली तर दांडी उचलून ठेवता येते.

दुसरं, मे-जूनमध्ये आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रात्री दहानंतर दर्शनी फोकस बंद ठेवावा. रात्री प्रवास करणारी पाखरं उजेडाकडे ओढली जातात. सुरक्षेसाठी पायरीवरचा लहान दिवा पुरतो. विजेचं बिलही कमी येईल, खजिनदारांना हे आवडावं.

स्मरणार्थ काच देणाऱ्या कुटुंबातल्या आमच्या वहिनींशी परवा बोलणं झालं. त्यांनी एकच विचारलं, ‘‘नावाची पाटी झाकली जाईल का?’’ पाटी काचेच्या वर आहे, दांडी तिच्याखाली येईल. आम्ही टेप घेऊन मोजून आलो आहोत, पाटी आणि दांडी यांच्यात पाच बोटं अंतर राहतं. त्या म्हणाल्या, मग दोराचे पैसे आमच्याकडून घ्या. हे आम्ही त्यांच्या परवानगीने सांगतो आहोत.

त्या मुलीने एक वही केली आहे. तारीख, वेळ, कुठला पक्षी, पुढे काय झालं, असे चार रकाने. २०२४ च्या जूनपासून त्यात पाच नोंदी आहेत. वही विहारात कपाटावर ठेवली आहे, ज्याला आवाज ऐकू येईल, काचेवर पिसाची भुकटी चिकटलेली दिसेल त्याने लिहावं. दोर लावल्यावरही ती चालू ठेवायची, म्हणजे फरक पडला की नाही हे वादाने नाही, वहीने कळेल.

काम येत्या रविवारी सकाळी सात वाजता. चार इंचांच्या खुणांची लाकडी पट्टी आम्ही तयार केली आहे, गाठी मारायला आमच्या खात्यातले दोघे जण येणार आहेत. अडचण शिडीची आहे. मंडळाची शिडी आठ फुटी, ती अपुरी पडते. कुणाकडे बारा फुटी शिडी असेल तर त्यांनी सभा संपल्यावर सेक्रेटरींना सांगून जावे. जयभीम.